व्हेप सापडलेल्या पोराला घरी बसवून काय साधणार?

कोरोनानं पोरं बिघडवली, हे वाक्य बेळगावात पालकसभेपासून बारशाच्या पंगतीपर्यंत कुठंही ऐकायला मिळतं. मोबाइलचं वेड तेव्हापासूनचं, रात्री दोनपर्यंत जागणं तेव्हापासूनचं, आणि आता एखाद्या पोराच्या दप्तरात व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडलं की तेही त्याच खात्यावर मांडायचं. ‘दोन वर्षं घरात कोंडून पडली, करणार काय?’ म्हणून सगळे मान डोलावतात. मग ज्याच्याकडे ते सापडलं त्याला शाळा-कॉलेजवाले आठ-पंधरा दिवस घरी बसवतात. म्हणजे कोंडून घातल्यानं पोरगं बिघडलं असं निदान करायचं आणि औषध म्हणून पुन्हा कोंडून घालायचं. यातली विसंगती कुणाला खटकत नाही, याचंच मला नवल वाटतं.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. व्हेपिंग एकटेपणातून सुरू होत नाही, ते सोबतीत सुरू होतं. एकटेपणा करतो ते काम दुसरं आहे: आधीच लागलेली सवय तो पक्की करतो, आणि तो संपल्यावर सोबतीची अशी भूक मागं ठेवतो की पोरगं मिळेल त्या घोळक्यात शिरतं. हा फरक एकदा मान्य केला तर शाळेनं, आईबापांनी आणि पोलिसांनी काय करायचं याची उत्तरं पुष्कळ बदलतात.

आपल्याकडे शाळकरी मुलांच्या व्हेपिंगची वर्षाला मोजणी होत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाच्या मुलांत कधी ना कधी ई-सिगारेट ओढून पाहिलेली २.८ टक्के निघाली होती, आणि कुठला तरी तंबाखू वापरणारी ८.५ टक्के. महामारीच्या काळात नेमकं काय झालं हे पाहायचं तर अमेरिकेकडे वळावं लागतं, कारण तिथं दरवर्षी शाळांतून ही पाहणी होते. तिथले आकडे आपल्या पालकसभेतल्या समजुतीला धक्का देणारे आहेत. हायस्कूलच्या मुलांत मागच्या महिनाभरात ई-सिगारेट ओढलेली २०१९ मध्ये २७.५ टक्के होती, २०२० मध्ये १९.६ आणि २०२१ मध्ये ११.३. ज्या वर्षांत पोरं घरात बसली त्या वर्षांत आकडा निम्म्याहून खाली आला.

यात दोन खोचा आहेत, त्या लपवून चालणार नाही. २०२० ची पाहणी जानेवारीत सुरू झाली आणि मार्चच्या मध्याला शाळा बंद पडल्या तेव्हा अर्धवट थांबली. म्हणजे ती घट कोरोनाच्या आधीची. त्यामागं २०१९ मध्ये व्हेप ओढणाऱ्यांत आलेली फुप्फुसाच्या आजाराची साथ होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत त्या आजारानं अमेरिकेत २,८०७ जणांना दवाखान्यात नेलं आणि ६८ जणांचा जीव घेतला. गांजाच्या अर्काच्या व्हेपमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे तिचं मुख्य कारण निघालं. शिवाय २०१९ च्या डिसेंबरात तिथं तंबाखू खरेदीचं वय २१ झालं. दुसरी खोच २०२१ च्या पाहणीची. ती ऑनलाइन झाली आणि पुष्कळ पोरांनी ती घरात बसून भरली. आई शेजारच्या खोलीत असताना ‘तू ओढतोस का?’ या प्रश्नाला कोण खरं उत्तर देणार? हा आकडा आधीच्या आकड्यांशी ताडून पाहू नका, असं पाहणी करणाऱ्या सरकारी खात्यानंच बजावलं होतं.

तरीही घट नुसती कागदावरची नव्हती. २०२० च्या मे महिन्यात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १३ ते २४ वयाच्या ४,३५१ जणांना प्रश्न विचारले. त्यातल्या ई-सिगारेट ओढणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी कोरोना आल्यावर आपली सवय बदलल्याचं सांगितलं. बदललेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांनी ओढणं सोडलं होतं, साधारण तेवढ्यांनीच कमी केलं होतं. कारणं सरळ होती: फुप्फुसाची भीती, दुकानं बंद, आणि आईबाप दिवसभर घरात. पण याच गटात ओढणं वाढवलेलेही होते. ते संख्येनं कमी, तरी मला त्यांचीच काळजी जास्त वाटते.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? व्हेप हातात येतं कसं, ते पाहिलं की उलगडा होतो. पहिला झुरका कुणी बाजारात जाऊन विकत घेऊन ओढत नाही. तो मित्राच्या हातातला असतो, कॉलेजच्या मागच्या भिंतीशी, वाढदिवसाच्या पार्टीत, चोर्ला घाटातून गोव्याला जाताना गाडीच्या मागच्या सीटवर. घोळका तुटला की पहिला झुरका मिळत नाही. म्हणून ज्यांना अजून लागण झालेली नव्हती किंवा जी गंमत म्हणून ओढत होती, ती पोरं लॉकडाऊननं वाचवली. हे लॉकडाऊनच्या नावावर जमा करायला हवं. आपण ते करत नाही.

ज्याला निकोटिन लागलेलं होतं, त्याचं गणित उलटं झालं. सिगारेटला एक शेवट असतो. दहा-बारा झुरके झाले की थोटूक उरतं, ते टाकावं लागतं, वास येतो, काडी पेटवावी लागते, घराबाहेर जावं लागतं. व्हेपला यातलं काहीच नाही. एक झुरका घेऊन खिशात टाकता येतं, दहा मिनिटांनी पुन्हा काढता येतं, पांघरुणात ओढता येतं. वास आला तरी आंब्याचा नाही तर पुदिन्याचा. शाळा सुरू असताना याला एक लगाम होता. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि तलफ उठते. वर्गात बसलेल्या पोराला मधल्या सुट्टीपर्यंत ती मारावी लागते. तास, घंटा, मैदान, बस हे सगळं नकळत त्याला उपाशी ठेवत असतं. ऑनलाइन वर्गात कॅमेरा बंद, माइक बंद. घंटाच नाही तर सुट्टी कसली? दिवसातल्या पाच-सात झुरक्यांचे पन्नास कधी होतात ते ओढणाऱ्यालाही कळत नाही.

त्यात आजच्या व्हेपमधलं निकोटिन जुन्या तंबाखूसारखं घसा ओरबाडणारं नाही. बेंझोइक आम्लासारखं आम्ल मिसळून त्याचं क्षारात रूपांतर केलं की तीच मात्रा घशाला मऊ लागते. विडीच्या पहिल्या झुरक्याला येणारा तो जोरदार ठसका म्हणजे शरीराचा नकार होता. कित्येकांचं व्यसन त्या ठसक्यावरच थांबलं असेल. इथं तो नकारच काढून घेतला आहे. अमेरिकेत गाजलेल्या ‘जूल’ व्हेपच्या एका पॉडमध्ये, म्हणजे त्यात बसवायच्या छोट्या कुपीत, सिगारेटच्या एका पाकिटाएवढं निकोटिन असल्याचं खुद्द कंपनीच सांगत असे. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. त्या वयात एवढी मात्रा रोज गेली की मन लावून काम करणं, राग आवरणं, झोप या सगळ्याचा तोल त्या पदार्थाच्या हाती जातो. पोराला वाटतं, ओढलं की बरं वाटतं. खरं तर न ओढल्यानं आलेली बेचैनी ओढल्यानं तात्पुरती जाते, इतकंच. एकटा बसलेला जीव ही बेचैनी आणि एकटेपणाची बेचैनी वेगळी ओळखूच शकत नाही. माझ्या मते महामारीतल्या एकांतानं केलेलं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे.

अमेरिकेचं चित्र जसंच्या तसं आपल्या गल्लीला लावायला मात्र मी तयार नाही. तिथला एकांत म्हणजे स्वतःच्या खोलीतला, आतून कडी लावलेला. आपल्याकडे वडगाव-शहापुरात मागावर पोट असलेल्या घरांत पुढच्या खोलीत माग, मधल्या खोलीत आजी, स्वयंपाकघरात आई, आणि मोरीचं दार कुणी पाच मिनिटं लावलं की बाहेरून हाक, ‘काय करूलालास रे आत?’ अशा घरात पोरगं व्हेप ओढणार कुठं? टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये ज्याला स्वतःची खोली, स्वतःचं चार्जर आणि आईबापांच्या कार्डावर ऑनलाइन खरेदीची मुभा आहे, त्याची गोष्ट निराळी. त्यामुळं व्हेप हा आपल्याकडे आधी मध्यमवर्गाचा आणि श्रीमंतांचा प्रश्न झाला. बाकीच्यांच्या वाट्याला मावा आणि गुटखा होताच. कर्नाटकात २०१३ पासून गुटख्यावर बंदी असली तरी.

म्हणून गर्दीच्या घरातलं पोरगं एकटं नव्हतं असं मात्र कुणी समजू नये. घरात सहा माणसं आणि बोलायला एकही नाही, हा एकांत जास्त वाईट. त्याला दारही नसतं.

शहापुरातल्या एका आईनं सांगितलेली गोष्ट इथं सांगायला हवी. पोराच्या कंपासपेटीत तिला चपटी, निळसर, बोटभर लांबीची वस्तू मिळाली. पेनड्राइव्ह असेल, अभ्यासाचं काही असेल, म्हणून तिनं ती पुसून व्यवस्थित परत ठेवली. पुढं एकदा तिची चार्जिंग संपून दिवा लुकलुकत होता, तर तिनं मोबाइलच्या चार्जरला लावूनही ठेवली. पोरानं ते पाहिलं आणि काही बोललाच नाही. ती बाई म्हणते, ‘दारूची बाटली असती तर मला ओळखू आली असती. याचं मला कुणी सांगितलंच नाही.’ शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठ आला, फीची आठवण आली, गणवेशाचा रंग आला. हे आलं नाही.

आता जरा स्वतःकडे पाहू. तंबाखूबद्दल पोरांना शहाणपण शिकवायचा आपल्या भागाला किती अधिकार आहे? निपाणी तंबाखूवर उभी राहिली. तिथल्या वखारीत तंबाखू कुटताना, चाळताना खोकत खोकत बायकांच्या पिढ्या राबल्या. विड्या वळून कितीतरी घरांत चूल पेटली. १९८१ मध्ये रास्त भावासाठी तंबाखू उत्पादक शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले, पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. त्या आंदोलनाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. पण ज्या पिकासाठी गोळ्या खाल्ल्या त्या पिकाच्या अर्काला पोरानं हात लावला की त्याला एकदम कुलकलंक ठरवायचं, हे पोरांना ढोंग वाटतं. आणि त्यांचं फारसं चुकत नाही.

लॉकडाऊननं हे ढोंग उघडं पाडलं. पानटपऱ्या बंद झाल्या, तंबाखूची पुडी मागच्या दारानं चौपट-पाचपट दरानं मिळायला लागली. पहिल्यांदाच पोरांनी आपल्या बापाला तलफेत पाहिलं. डबी पालथी करून कोपऱ्यातला चुरा बोटानं गोळा करणारा बाप, चुन्याची नळी संपली म्हणून आईवर खेकसणारा बाप, संचारबंदीत पोलिसाचा दंडुका चुकवून पुडी आणायला जाणारा काका. मद्याची दुकानं ४ मे २०२० ला उघडली तेव्हाच्या रांगा टीव्हीवर सगळ्या घरानं पाहिल्या. मोठ्यांची ही लाचारी डोळ्यांदेखत पाहिलेल्या पोराला ‘व्यसन वाईट’ हे पाठातलं वाक्य पटायला हवं होतं, ते पटण्याचा तोच क्षण होता. त्या वेळी त्याच्याशी कुणी बोललं नाही. बाप शरमला, आई गप्प बसली, आणि टपरी उघडल्यावर सगळं पूर्ववत झालं. अशी संधी पुन्हा येईल असं वाटत नाही.

सीमाभागाच्या वाट्याला या काळात एक जादा कुलूप आलं. कोगनोळीचा नाका, बाचीचा नाका, आणि आडवाटांवर टाकलेले मुरुमाचे ढीग. चंदगड तालुक्याची बाजारपेठ बेळगाव, शिनोळीकडची पोरं इथल्या कॉलेजात. निपाणीच्या पोरांचं कोल्हापूरशी येणंजाणं घरच्यासारखं. २०२१ मध्ये आरटीपीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय नाका ओलांडता येईना तेव्हा मामाचं गाव परदेश झालं. शहरातल्या इतर पोरांना निदान गल्लीतले मित्र गॅलरीतून दिसत होते. सीमेच्या दोन्ही बाजूंना आयुष्य वाटलेल्या पोरांचं अर्धं जग दिसेनासंच झालं.

त्याहून मोठा घाव मला वेगळ्या जागी दिसतो. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या पोराला पीयूसीत, म्हणजे अकरावी-बारावीत, बहुतेक वेळा इंग्रजी किंवा कन्नडच्या वर्गात जावं लागतं. भाषा बदलते, मित्र बदलतात, सर बदलतात. एरवी हा बदल पचवायला वर्गातला बाक असतो, दोन गाववाले सोबत असतात, सकाळची बस असते. २०२१ च्या जुलैत दहावीची परीक्षा १९ आणि २२ तारखेला, दोन दिवसांत, पर्याय निवडून उरकली. ती तुकडी दीड वर्ष शाळेत धड न जाता पीयूसीच्या दारात उभी राहिली. समोर कॉलेजचा कट्टा, अनोळखी भाषा, अनोळखी चेहरे, आणि ‘घे की एक पफ’ म्हणून पुढं आलेला हात. त्या हाताला नाही म्हणण्याची किंमत काय होती ते आपण घरात बसून ठरवू नये. ज्याला दीड वर्ष कुणी ‘चल’ म्हटलेलं नाही, तो पहिल्या ‘चल’ला जातो. एकांताचा परिणाम एकांत संपल्यावर दिसला तो असा. म्हणून शाळा उघडल्यावर हे वाढलं असेल तर त्याचं कुणाला आश्चर्य वाटायचं कारण नाही.

मग बंदीचं काय? बंदी आहेच, आणि ती लेचीपेची नाही. कर्नाटकानं ई-सिगारेटवर २०१६ मध्येच बंदी घातली. केंद्रानं सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश काढला आणि डिसेंबरात कायदा केला. उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा, जाहिरात सगळं गुन्हा. साठ्याला शिक्षा कमी, बाकीच्यांना पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. अल्पवयीन मुलाला तंबाखूचे पदार्थ देणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्यानं सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. अलीकडे राज्यानं हुक्का पार्लरवर बंदी आणली, तंबाखू विकत घेण्याचं वय २१ वर नेलं. कागदावर याहून जास्त काय हवं?

या बंदीच्या मी विरोधात नाही. जिथं तंबाखूनं आधीच इतकी माणसं नासवली आहेत, तिथं ‘कमी घातक’ म्हणून आणखी एक दुकान उघडायची गरज नाही. इंग्लंडमध्ये धूम्रपान सोडवायला व्हेप देतात, हा युक्तिवाद चाळिशीतल्या सिगारेटवाल्यासाठी असेल. ज्यानं कधी काडी पेटवली नाही अशा सोळा वर्षांच्या पोराला तो लागू पडत नाही. पण या कायद्यांचा रोख कुणावर आहे ते नीट वाचा. विकणारा, आणणारा, साठवणारा, पुरवणारा. झुरका घेणाऱ्या पोरासाठी वेगळी शिक्षा कायदा सांगत नाही. प्रत्यक्षात शिक्षा झालेली माणसं शोधायला जा, ती शाळेतच सापडतील: घरी बसवलेली, सगळ्या वर्गासमोर दप्तर उलटं केलेली, बापाला बोलावून त्याच्यादेखत थोबाडीत खाल्लेली. विकणारा इन्स्टाग्रामवर नाव बदलून बसलेला असतो. त्याचा माग काढायला सायबर शाखेचा वेळ लागतो, पोराचं दप्तर उलटं करायला दोन मिनिटं पुरतात. आपण दोन मिनिटांचं काम निवडलं.

दप्तर तपासणीबद्दल मुख्याध्यापकांची बाजू मला समजते. एका वर्गात साठ पोरं, शिपाई एक, समुपदेशक नाही, आणि वरून पालकांचा दट्ट्या की ‘आमच्या पोराला बिघडवणाऱ्याला काढा.’ एकाला घरी बसवलं की बाकीचे घाबरतात, असा हिशोब असतो. घाबरतात हे खरं. घाबरून काय करतात? वस्तू लपवायची जागा बदलतात. आणि ज्याला घरी बसवलं तो पंधरा दिवस काय करतो? आईबाप कामावर, खोली रिकामी, हातात मोबाइल, मनात अपमान. वर मी सांगितलं तेच सगळं त्याला आपण ठरवून पुरवतो: घंटा नाही, मैदान नाही, तलफ मारायला लावणारं काही नाही, आणि ज्या दोन मित्रांमुळं कदाचित सावरला असता तेही नाहीत. उरतो तो फक्त विकणारा, कारण तो फोनवर कधीही भेटतो. निलंबन म्हणजे एका पोरापुरता लॉकडाऊन आहे. मोठ्या लॉकडाऊनला निदान रोगाचं कारण होतं.

मग करायचं काय? तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत फोन क्रमांक आहे, १८००-११-२३५६. मनाच्या आजारांसाठी २०२२ च्या ऑक्टोबरपासून ‘टेलि-मानस’ आहे, क्रमांक १४४१६, आणि तिथं मराठीतही बोलता येतं. किशोरवयीन मुलांसाठी सरकारी दवाखान्यांत स्नेह क्लिनिक आहेत. या गोष्टी फलकावर कन्नडमध्ये लिहिलेल्या असतात, मराठी शाळेच्या नोटीस बोर्डावर क्वचित दिसतात. इथं मला भाषेचा झगडा पेटवायचा नाही. पण रात्री अकरा वाजता हात थरथरतोय म्हणून फोन लावणाऱ्या खानापूरच्या पोराला आपली बेचैनी दुसऱ्या भाषेत सांगता येणार नाही. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या मोर्चात मराठी परिपत्रकांची मागणी आपण वर्षानुवर्षं करतो. त्या यादीत आरोग्याची परिपत्रकं वरच्या क्रमांकावर का नसावीत?

फोन ही शेवटची पायरी झाली. त्याआधी सोबत लागते, आणि ती आपल्याकडे होती. तालमीत वस्तादाला पोराचा दम लागला की कळायचं. ‘काय रे, छातीत काय भरलंयस?’ एवढं एक वाक्य पुरायचं, कारण पुढच्या कुस्तीत ते मातीत दिसणारच होतं. गणेशोत्सवात पंचविशीचा कार्यकर्ता पंधरा वर्षांच्या पोराला वर्गणीची पावती फाडायला शिकवायचा, शिवजयंतीच्या चित्ररथासाठी रात्र रात्र पोरं एकत्र खपायची. २०२० आणि २०२१ मध्ये मिरवणुका थांबल्या, तालमींना कुलपं लागली, मैदानं ओस पडली. वय वेगवेगळं असलेली माणसं जिथं एकमेकांच्या नजरेखाली असतात अशा जागा दोन वर्षं बंद होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच पुन्हा पूर्वीसारख्या भरल्या नाहीत. पोरं परत आली ती आपल्याच वयाच्या टोळक्यात, आणि मोबाइलमध्ये.

यावर कुणी म्हणेल, मंडळांचं कौतुक पुरे, मिरवणुकीत मावा खाऊन पिचकाऱ्या मारणारे कोण असतात? मान्य. पहिली विडीही कित्येकांनी मंडळाच्या मांडवामागंच ओढली आहे. मंडळाचा अध्यक्षच तोंडात तंबाखू धरून भाषण करत असेल तर त्याच्या मांडवात पोरगं कशापासून वाचणार? म्हणून मंडळानं व्यसनमुक्तीचा देखावा उभा करावा ही माझी मागणी नाही. देखावे पुष्कळ झाले. मांडवात आणि तालमीत मोठ्यांनीच तंबाखू बंद करावी, एवढी साधी आणि भलतीच अवघड मागणी आहे. जी मंडळं हे करतील त्यांना महापालिकेनं परवान्यात झुकतं माप द्यावं, माझी हरकत नाही.

टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर एकेकाळी देवीच्या रोगाची लस तयार व्हायची. आता सकाळी तिथं फिरायला येणारे आजोबा आणि क्रिकेट खेळणारी पोरं एकाच वेळी असतात, आणि एकमेकांवर वैतागतात. असं वैतागायला तरी एकत्र यावं लागतं. शहरात अशा मोकळ्या जागा किती उरल्या? खानापूर, चिक्कोडी, निपाणीत सरकारी मैदानाला कुंपण घालून कुलूप लावायची जी टूम निघाली आहे तिला गावानं विरोध करायला हवा. व्हेपविरोधी फलकापेक्षा उघडं मैदान जास्त पोरं वाचवेल, हे मी पैजेवर सांगतो.

आणि शाळा? येत्या जूनमध्ये पहिली पालकसभा होईल, एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीची, बैठक होईल. त्यात ठराव असा व्हावा: व्हेप किंवा गुटखा सापडलेल्या मुलाला घरी बसवायचं नाही. वस्तू काढून घ्यायची, कुठून आणली ते त्याला न मारता विचारायचं, आणि मिळालेलं विकणाऱ्याचं नाव-क्रमांक पोलिसांकडे लेखी द्यायचं. मुलाला वर्गात बसवायचं, दुसऱ्या दिवशीपासून संध्याकाळी तासभर खेळाच्या सरांकडे पाठवायचं, आईबापांना एकांतात बोलवायचं, आणि ती वस्तू त्यांच्या हातात देऊन दाखवायची, म्हणजे पुढच्या वेळी ती कुणी चार्जिंगला लावणार नाही. मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाकडे एका सरांची फेरी ठेवायची, पोराच्या शेजारी एक थोराड, समजूतदार मुलगा बसवायचा. दोन महिन्यांनी पुन्हा बोलायचं. यातल्या कशालाही सरकारी मंजुरी लागत नाही आणि पैसाही लागत नाही. लागतो तो सरांचा वेळ, म्हणून ठरावात त्या सरांची जनगणना आणि निवडणुकीची कामं कमी करण्याची मागणीही जोडावी, आणि ती गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे मराठी आणि कन्नड दोन्हींत पाठवावी.